नुसता हुंकार

"दोन नंबर खाली आहे हो तुमचा," पोस्टमन म्हणाला आणि खुर्चीत बसता बसता चष्मा पुसू लागला. पोस्टमन म्हणजे निवृत्त पोस्टमन. शहराच्या छोट्या हौशी रेडिओ स्टेशनवर दर मंगळवारी सात वाजता त्याचा जुन्या गाण्यांचा कार्यक्रम असायचा आणि त्याच्या आधीचा अर्धा तास मुलाखतींचा. मुलाखत घेणारा हेडफोनची वायर कोपरावरून गुंडाळत होता. "असेल," तो म्हणाला, कारण संध्याकाळी दमल्यावर कशालाही 'असेल' म्हणणं सोपं जातं. मग वायर गुंडाळणारा हात आपोआप थांबला. दोन नंबर म्हणजे पाहुण्याच्या माइकचा फेडर. फेडर म्हणजे त्या माइकची बोटभर लांबीची सरकपट्टी. वर नेली की आवाज बाहेर जातो, खाली आणली की जात नाही. शेंबड्या पोराला कळावं इतकं सोपं. "तुम्ही घेतलात का खाली? आत्ता?" त्याने विचारलं. "मी कशाला हात लावू? आलो तेव्हापासून खालीच आहे. का हो, कानोसेसाहेब?" त्याच्या कार्यक्रमाचं नाव 'कानोसा', म्हणून पोस्टमन त्याला कानोसेसाहेब म्हणायचा आणि दर वेळी स्वतःच हसायचा. "काही नाही," तो म्हणाला. पोस्टमनने सुरुवातीची धून सोडली, खाकरून घसा साफ केला, आणि हा दार लोटून बाहेर आला.

जिन्यात काळोख होता आणि खालच्या सायकलच्या दुकानातून पंक्चरच्या सोल्युशनचा वास येत होता. तो तिथेच पायरीवर बसला. थोड्या वेळापूर्वी याच जिन्याने लॅबमधल्या बाई उतरून गेल्या होत्या. शहराच्या पाणी खात्याच्या प्रयोगशाळेत पाणी तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली होती आणि आता ती संपत आली होती. त्यांना बोलतं करायला त्याने किती खेटे घातले होते! आधी नाही म्हणाल्या, मग बघू म्हणाल्या, मग पुन्हा नाही. शेवटी तयार झाल्या त्या एका अटीवर. "रेकॉर्ड करून ठेवायचं नाही. रेकॉर्ड केलंत की मीच घरी जाऊन फोन करीन, हे कापा, ते कापा. थेट बोलते. म्हणजे परत घ्यायची सोय नाही." आणि आज त्या बोलल्या. शेवटी दोन्ही तळवे टेबलावर पालथे ठेवून त्यांनी मोठा श्वास सोडला आणि म्हणाल्या, "झालं एकदाचं." त्यालाही कितीतरी दिवसांनी बरं वाटलं होतं. हल्ली कार्यक्रम संपल्यावर त्याला फक्त पाठ दुखतेय एवढंच जाणवायचं. आज मात्र वाटलं होतं, चला, काहीतरी झालं. झालं एकदाचं! त्याने कपाळावर हात मारून घेतला, आणि तो आवाज त्या रिकाम्या जिन्यात चांगलाच मोठा झाला.

कसं झालं तेही त्याला आता लख्ख आठवत होतं. बाईंनी "नमस्कार" म्हटलं. मग त्याने कार्यक्रमाची धून लावली, तेवढ्यात बाईंनी पाणी मागितलं. त्याने स्टेशनवरचा पेला पुढे केला. बाईंनी पेला उचलला, नाकाशी नेला, काही न बोलता बाजूला ठेवला आणि पिशवीतून आपली बाटली काढली. त्या बाटलीचं झाकण करकरणार, ते लोकांच्या कानात जाऊ नये, म्हणून त्याने दोन नंबर खाली घेतला. सौजन्य म्हणून. आणि मग वर करायचा राहिला. दोघांच्याही हेडफोनमध्ये सगळं ठीक ऐकू येत होतं, कारण ते जुनं यंत्र ज्या माणसाने दुरुस्त करून दिलं होतं त्याने हेडफोनची जोडणी फेडरच्या आधीच करून ठेवली होती. कॉम्प्युटरवर दर कार्यक्रम आपोआप साठवला जायचा, पण तोही जे बाहेर जातं तेच साठवणार. म्हणजे बाहेर काय गेलं? एक "नमस्कार". आणि त्यानंतर वीसेक मिनिटं याचं एकट्याचं "हं... हं... अच्छा... हं हं... बरं... हं."

रस्त्याला लागल्यावर तो खिशातला फोन पुन्हा पुन्हा चाचपत राहिला. कुणाचा फोन नव्हता. एकदा पोस्टमनकडून एकच गाणं दोनदा लागलं होतं तेव्हा लोकांनी फोन करून त्याला भंडावून सोडलं होतं. आज एक माणूस भर संध्याकाळी शहराच्या कानात नुसता हुंकार देत बसला आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. स्टेशनच्या मागच्या बैठकीत कुणीतरी विचारलंच होतं, 'कानोसा' ऐकतं कोण? तेव्हा राजकारणाचा कार्यक्रम करणाऱ्या निवृत्त शिक्षिका ताडकन म्हणाल्या होत्या, "ऐकणारे ऐकतात." त्याला ते फार आवडलं होतं. आता तो ते वाक्य मनात पुन्हा म्हणून बघत होता आणि त्यात काहीच हाताला लागत नव्हतं. पण खरं सांगायचं तर ऐकणाऱ्यांचं त्याला तितकंसं वाटत नव्हतं. दुसरंच काहीतरी खुपत होतं. वाहनांचा आवाज चुकवत तो बंद दुकानांच्या कडेकडेने चालला होता आणि बाई नेमकं काय बोलल्या ते आठवत होता. त्याला बाईंच्या घड्याळाचा पट्टा आठवला, एका जागी दोऱ्याने शिवलेला. बोलताना त्या माइककडे बघत नव्हत्या, भिंतीवर ठोकलेल्या जुन्या गादीच्या फाटक्या शिवणीकडे बघत होत्या, तेही आठवलं. पूर्वेकडच्या गल्ल्या हे शब्द आठवले. कुठल्याशा साहेबांचं काहीतरी. आणि पुढे? पुढे काही नाही. त्या बोलत होत्या तेव्हा तो बाबांच्या खोकल्याचा विचार करत होता, घड्याळाकडे बघत होता, पुढच्या मंगळवारी कोणाला बोलवायचं याची जुळवाजुळव करत होता. आणि तोंडाने हं म्हणत होता.

दिवसा तो एका छापखान्यात प्रुफं तपासायचा. ऱ्हस्व, दीर्घ, अनुस्वार, निसटलेला काना. अशी पुस्तकंच्या पुस्तकं त्याच्या डोळ्यांखालून गेली होती आणि कुणी विचारलं असतं की त्या पुस्तकात आहे काय, तर त्याला सांगता आलं नसतं. अर्थाकडे लक्ष गेलं की चूक निसटते, हे तो नव्याने येणाऱ्यांना शिकवायचाही. डोळ्यांची ती खोड कानात कधी उतरली? सुरुवातीला तर असं नव्हतं. सुरुवातीला कचरा जाळणाऱ्यांपासून नदीकाठी राहणाऱ्यांपर्यंत जो कोणी समोर बसेल त्याचं बोलणं घरी आल्यावरही त्याच्या डोक्यात घुमत राहायचं, आणि बायको म्हणायची, अहो, आता त्यांना त्यांच्या घरी जाऊ द्या. त्याला अक्काची आठवण झाली. अक्का म्हणजे त्याची थोरली बहीण. आई कामावरून उशिरा यायची, तोवर अक्काने त्याला गोष्ट सांगून झोपवायचं असा घरात करार होता, आणि अक्काची अट एकच, हुंकार दिला पाहिजे. हुंकार थांबला की गोष्ट बंद. तो लबाड होता. अर्धवट झोपेतही तो नियमाने हं म्हणत राहायचा. मग अक्का आवाज न बदलता म्हणायची, "मग काय झालं, राजाच्या शेपटीला आग लागली." "हं." "हं काय, गाढवा? राजाला शेपटी असते का?" आणि त्याच्या पाठीत एक धपाटा बसायचा. अक्काला जाऊन बरीच वर्षं झाली. तिने पकडला नाही असा त्याचा एकही खोटा हुंकार नव्हता, आणि आज तिच्या माघारी तो पुन्हा तेच करून बसला होता. त्याला फार शरम वाटली. पाय ओढत तो चौकाशी आला तेव्हा फोन वाजला.

"मी बोलतेय," लॅबमधल्या बाई म्हणाल्या. "पोचलात का घरी?"

"वाटेत आहे, मॅडम. बोला."

"एक विचारायचं होतं. खरं सांगा हं. माझा आवाज कापत होता का?"

"नाही," तो म्हणाला. "अजिबात नाही."

"मला आपलं वाटत होतं कापतोय. आत्ता जेवले. किती दिवसांनी पोटभर जेवले म्हणून सांगू! आता फोन बंद करून झोपणार आहे. लोक फोन करतील ना, आज नको वाटतंय बोलायला. उद्या काय व्हायचं ते होऊ दे. मी नेहमीच्या वेळेला ऑफिसात जाणार, मान वर करून."

"हं," तो म्हणाला, आणि बाईंनी फोन ठेवला. त्याने लगेच उलट फोन लावला. बंद. तो तिथेच उभा राहिला आणि सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल झाला. उद्या सकाळी बाई मान वर करून ऑफिसात शिरणार. साहेबांना म्हणणार, मी सगळं सांगून टाकलंय. आणि साहेबांना कळणार की हिने काहीही सांगितलेलं नाही. म्हणजे सांगितल्याची शिक्षा पदरात, आणि सांगितलेलं हवेतसुद्धा नाही. आणि आपण खरं सांगितलं तर? तर त्या पुन्हा तोंड उघडतील याची काय खात्री? 'अजिबात नाही' हे मात्र त्याच्या तोंडून इतक्या सहज निघालं होतं की त्याची त्यालाच भीती वाटली. शब्दाला शब्द धरला तर ते खोटंही नव्हतं.

दार बायकोने उघडलं. "बाबांशी बोला जरा," ती हळू आवाजात म्हणाली. "संध्याकाळपासून गप्प बसलेत. जेवण तसंच टाकून उठले. मला म्हणाले, माझ्याकडे तोंड करून बोल." वडील खिडकीपाशी बसले होते, रेडिओ मांडीवर. उभा जन्म कारखान्यात बॉयलरवर गेलेला, त्यामुळे कान आधीच बेताचे, पण मंगळवारी रेडिओ कानाला लावून बसायचे. "ये," ते म्हणाले. "कान गेले बघ माझे."

"असं काय म्हणता, बाबा?"

"तुझा आवाज येतो. त्या बाईंचा नमस्कार आला. मग काहीच नाही. डॉक्टर म्हणालाच होता, आधी बारीक आवाज जातात. बायकांचे, पोरांचे, पाखरांचे. मी रेडिओ मोठा केला, तर तुझं हं तेवढं मोठं झालं." ते हसायला गेले पण जमलं नाही. "उद्या सूनबाईचाही जाईल."

तो त्यांच्या समोर जमिनीवरच बसला. बापाच्या गुडघ्यावर हात ठेवून बोलायची त्याला सवय नव्हती, पण त्याने ठेवला. "बाबा, कान ठणठणीत आहेत तुमचे. चूक माझी आहे." आणि त्याने सगळं सांगितलं. फेडर, बाटलीचं झाकण, हेडफोन, सगळं. वडिलांनी आधी संशयाने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, सुनेला म्हणाले, "तू तिकडे तोंड करून काहीतरी बोल बघू," आणि ती भिंतीकडे तोंड करून म्हणाली, "जेवण गरम करते." मग मात्र ते हसत सुटले. हसता हसता खोकले, खोकता खोकता पुन्हा हसले. "म्हणजे सगळ्या शहराला हेच? नुसतं हं, हं?"

"शहराने ऐकलं असेल तर."

"मी ऐकलं की. नंदीबैल बोलवायचा सोडून तूच जाऊन बसलास होय! बरं, मग मध्येच 'वा' कशाला म्हणालास? पाणी शुद्ध आहे म्हणाली का ती?"

"वा म्हणालो?"

"चांगलं दोनदा. वा, वा."

त्याला आठवेना. आपण कशाला वा म्हणालो असू, हे आठवायला तो जेवताना थांबला, ताट धुताना थांबला. बायको म्हणाली, "सकाळी लवकर निघा आणि फाटकाबाहेरच गाठा त्यांना. आत शिरल्यावर काही उपयोग नाही." तिने एवढं सांगितलं आणि उगाच दोष दिला नाही, त्याबद्दल त्याला तिचे पाय धरावेसे वाटले.

सकाळी पाणी खात्याच्या फाटकासमोरच्या बसथांब्यावर तो उभा होता. बाई आल्या. कडक इस्त्रीचे कपडे, केस घट्ट बांधलेले, एकही बट बाहेर नाही. आज सगळे आपल्याकडे बघणार म्हणून तयार होऊन आल्यात, हे त्याला लगेच कळलं. वॉचमनने रोजच्यासारखी मान हलवली आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं. बाई क्षणभर थबकल्या. मग त्यांना हा दिसला आणि त्या रस्ता ओलांडून आल्या. "वॉचमन ऐकत नाही वाटतं आपला रेडिओ," त्या हसून म्हणाल्या.

"मॅडम, बसा जरा."

बाकावर बसून त्याने सांगितलं. एक बस आली, गेली.

"झाकणाचा आवाज," शेवटी त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि काल मी विचारलं तर म्हणालात, कापत नव्हता."

"हो."

"बरोबरच आहे की. नसलेला आवाज कापेल कसा?" त्या हसल्या, पण त्या हसण्यात काही उरलं नव्हतं. पिशवीचा बंद त्या बोटाला गुंडाळत राहिल्या, सोडत राहिल्या. "पुढच्या मंगळवारी परत या," तो म्हणाला. "मी स्वतः बघतो, सगळं नीट..."

"नाही हो. एकदा बोलण्यापुरतं बळ साठवलं होतं, ते काल संपलं. आता बोलले तर नुसतं पाठ केलेलं म्हणेन, आणि मध्येच रडेन. नाही जमायचं." मग त्या वळून म्हणाल्या, "तुम्ही सांगा ना. तुम्ही तर ऐकलंत सगळं. किती मन लावून हं हं करत होतात."

हो म्हणणं किती सोपं होतं! सगळं आयुष्य त्याने या 'हो'वर काढलं होतं. दुसऱ्यांच्या तोंडून बोलून घ्यायचं आणि आपण हं म्हणायचं. स्वतःच्या आवाजात त्याने आजवर वेळ आणि हवामान यांपलीकडे काही सांगितलेलं नव्हतं. शिवाय पाणी खात्याची बिलं त्याच्याच छापखान्यात छापली जायची, हेही डोक्यात येऊन गेलं. "मी नीट ऐकलं नाही, मॅडम," तो म्हणाला. "माझं लक्ष नव्हतं. वडील म्हणाले मी मध्येच वा म्हणालो. मला तेही आठवत नाही."

बाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "मला वाटलं टोमणा मारलात," त्या म्हणाल्या. "मग वाटलं, मारू देत. लायकीच आहे माझी." आणि त्या सांगू लागल्या, सपाट आवाजात, रस्त्याकडे बघत. पूर्वेकडच्या गल्ल्यांमध्ये जाऊन तिथल्या नळांचं पाणी बाटल्यांत भरून आणायचं असतं. एकदा गाडी मिळाली नाही. साहेब म्हणाले, आजच्या दिवस आपल्याच अंगणातल्या नळावर भरा. आजच्या दिवसाचं मग रोजचं झालं. बाटल्या अंगणातल्या नळावर भरायच्या आणि चिठ्ठ्या पूर्वेकडच्या गल्ल्यांच्या लावायच्या. तपासणीत पाणी नेहमी चांगलं निघायचं, कारण ते चांगलंच होतं. पूर्वेकडची पोरं आजारी पडायला लागली तेव्हा खात्याने हीच तपासणी पुढे केली. "आणि त्या बाटल्या भरणारी मी. माझ्या हाताने. चिठ्ठ्यांवरचं अक्षरही माझंच. यावर तुम्ही म्हणालात, वा, वा." त्या थांबल्या. "हं म्हणा की मध्ये मध्ये. भिंतीशी बोलल्यासारखं वाटतं."

"हं," तो म्हणाला. इतका वेळ तो एक शब्दही निसटू न देता ऐकत होता आणि म्हणूनच त्याला हुंकार द्यायचं सुचलं नव्हतं.

"असं करू या," बाई म्हणाल्या. "तुम्हीच सांगा. मी येऊन समोर बसते. मी नुसतं हं म्हणेन. बरोबर असेल तिथे म्हणेन, चुकलात तर नाही म्हणणार."

"त्याने तुम्ही सुटणार नाही, मॅडम. हं म्हणजेसुद्धा साक्षच."

"सुटायचंय कुणाला? मला फक्त परत सांगायचं नाही." त्या उठल्या, कपडे सारखे केले. "आज बाटल्या भरायचा दिवस आहे. गाडी मागून बघते. नाही दिली तर बाटल्या रिकाम्या ठेवते." रस्ता ओलांडून त्या फाटकातून आत गेल्या. मान फारशी वर नव्हती, पण खालीही नव्हती.

पुढच्या मंगळवारी बाई आल्या तेव्हा पोस्टमन वेळेच्या कितीतरी आधी येऊन काचेपलीकडे बसला होता. घरी बाबांनी सकाळीच रेडिओच्या बॅटऱ्या बदलून घेतल्या होत्या. त्याने एक नंबर वर केला, दोन नंबर वर केला, आणि बाईंनी पुढे होऊन दोन नंबरवर आपलं बोट टेकवलं. "वर आहे ना?" "वर आहे." मग तो बोलू लागला. त्याला वाटलं होतं आपली जीभ अडखळेल, पण अडखळली नाही. एक वाक्य, मग बाईंचा हं, की पुढचं वाक्य. गाडी मिळाली नाही. हं. साहेब म्हणाले आजच्या दिवस. हं. अंगणातला नळ. हं. त्या हुंकाराला धरून धरून तो चालला होता, आणि हे किती आधार देणारं असतं हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. छापखान्याचा मालक ऐकत असेल, साहेब ऐकत असतील, कुणीच ऐकत नसेल. "आणि पूर्वेकडच्या गल्ल्यांच्या नावाच्या या बाटल्या," तो म्हणाला, "अंगणातल्या नळावर भरल्या जात होत्या."

हं आला नाही. बाई टेबलाकडे बघत होत्या. "म्हणजे, खात्यातले कर्मचारी त्या भरत होते," तो म्हणाला आणि थांबला. हं नाही. खोलीत पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती. रेडिओवरच्या शांततेला सगळे रेडिओवाले घाबरतात. काचेपलीकडे पोस्टमन उठून उभा राहिला आणि दोन नंबरकडे बोट दाखवून हातवारे करू लागला, वर करा, वर करा. पण फेडर वरच होता. त्याने बाईंकडे पाहिलं. त्यांना वाचवायला म्हणून ते वाक्य त्याने रात्रभर घडवलं होतं, करणाऱ्याचं नाव नसलेलं गुळगुळीत वाक्य, प्रुफात एकही चूक निघणार नाही असं. बाई मान हलवत नव्हत्या, रागावल्या नव्हत्या, नुसत्या वाट बघत होत्या.

"त्या बाटल्या," तो म्हणाला, "आत्ता माझ्या समोर बसलेल्या बाईंनी भरल्या. स्वतःच्या हाताने. चिठ्ठ्यांवरचं अक्षरही त्यांचंच."

बाई माइकजवळ सरकल्या.

"हं," त्या म्हणाल्या. आवाज कापत होता, आणि तो बाहेर जात होता.